गूगल समर ऑफ कोड: मेंटॉरकडून सॉफ्टवेअर शिकण्याची सोय म्हणून कसा आहे?

गूगल समर ऑफ कोड, म्हणजेच ‘जीसॉक’, हा गूगलचा वार्षिक कार्यक्रम: नवखे प्रोग्रॅमर ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेत मेंटॉरच्या मार्गदर्शनाखाली एक प्रकल्प करतात आणि गूगल त्यांना मानधन देते. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्याचे नाव काढले की आधी आठवतात ते डॉलर आणि रेझ्युमेवरची एक ओळ. इथे मात्र त्याकडे शिकण्याची सोय म्हणून पाहिले आहे, कारण त्याचे खरे बळ तिथेच आहे. प्रत्यक्ष वापरातले सॉफ्टवेअर सांभाळणारा अनुभवी प्रोग्रॅमर तुमचा कोड ओळीओळीने वाचतो, काय चुकले आणि का चुकले ते लिहून देतो, आणि नीट होईपर्यंत परत पाठवत राहतो. त्यासाठी तुमच्याकडून एक रुपयाही घेतला जात नाही. मोठी फी घेणाऱ्या क्लासमध्ये व्हिडिओ मिळतात, शंका विचारायला ग्रुप मिळतो, सरावाचा प्रोजेक्टही मिळतो; पण दहा-पंधरा वर्षे जुन्या कोडमध्ये हात घालून, मागे कोणीतरी जाणकार उभा असताना दुरुस्ती करण्याचा अनुभव तिथे मिळणे अवघड असते. आणि जीसॉकमधला हा भाग निवड होण्याच्या आधीच सुरू होतो. जानेवारी ते मार्च या काळात तो कोणालाही उपलब्ध असतो, अर्ज न करणाऱ्यालासुद्धा.

आधी व्यवहाराचे सांगतो. गूगलने हा कार्यक्रम २००५ मध्ये सुरू केला. पहिल्या वर्षी ४० संस्था होत्या आणि सुमारे ४०० विद्यार्थी. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट गेली; वय १८ पूर्ण असलेला आणि ओपन सोर्समध्ये नवखा असलेला कोणीही अर्ज करू शकतो. नोकरी करत करत क्षेत्र बदलू पाहणाऱ्यांसाठी हा बदल फार महत्त्वाचा आहे आणि तो अजून पुरेसा माहीत झालेला नाही. प्रकल्प तीन मापांचे असतात: साधारण ९० तासांचा लहान, १७५ तासांचा मध्यम आणि ३५० तासांचा मोठा. मानधन तुम्ही राहता त्या देशाच्या क्रयशक्तीनुसार ठरते. भारतासाठी अलीकडच्या वर्षांत ते अनुक्रमे ७५०, १,५०० आणि ३,००० डॉलर राहिले आहे. साधारण ४५ टक्के मध्यावधी मूल्यमापनानंतर मिळतात, उरलेले शेवटी. एका वर्षी जास्तीत जास्त तीन प्रस्ताव देता येतात, निवड एकाचीच होते, आणि आयुष्यात दोनदाच भाग घेता येतो.

स्पर्धा किती, तर २०२५ मध्ये १५ हजारांहून अधिक लोकांनी २३ हजारांच्या वर प्रस्ताव पाठवले आणि निवड झाली सुमारे १,२८० जणांची, १८५ संस्थांमध्ये मिळून. हे आकडे पाहून बरेच जण हबकतात. पण प्रस्तावांतला मोठा वाटा अशांचा असतो, ज्यांनी संस्थेच्या कोडला कधी हातही लावलेला नसतो. मेंटॉर ते पहिल्या चाळणीतच बाजूला करतात. खरी चुरस उरते ती महिना-दोन महिने आधीपासून काम करणाऱ्यांमध्ये.

आता हा कार्यक्रम कोणासाठी नाही, तेही स्पष्ट बोलू. इथे अभ्यासक्रम नाही. कोणी व्हेरिएबल आणि लूप शिकवणार नाही. एक भाषा बऱ्यापैकी यायला हवी, म्हणजे दोन-तीनशे ओळींचा स्वतःचा प्रोग्रॅम कशाकडेही न बघता लिहिता यायला हवा. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ब्रांच (कामाची वेगळी फांदी) काढणे, कमिट (बदलाची नोंद) करणे, रिबेस करणे (आपले बदल ताज्या कोडवर नव्याने बसवणे) आणि कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) सोडवणे जमायला हवे. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीची, भीती गेलेली असावी. इतके नसेल तर आधी एक्झर्सिझमसारख्या मोफत ठिकाणी एखाद्या भाषेची ३०-४० उदाहरणे सोडवावीत. तिथेही स्वयंसेवक मेंटॉर तुमचे उत्तर वाचून अभिप्राय देतात, आणि रिव्ह्यू ऐकून घेण्याची सवय छोट्या प्रमाणात तिथेच लागते.

मशीनचा प्रश्नही आधीच सोडवून घ्यावा. पायथॉन किंवा जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांना ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. लिब्रेऑफिस किंवा ब्लेंडरसारखे सी प्लस प्लसमधले अवाढव्य प्रकल्प त्यावर बिल्ड करायला (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करायला) घेतले की लिंकिंगच्या, म्हणजे सगळे तुकडे जोडण्याच्या, टप्प्यावर मशीन गळपटते. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर आणखी एक अडचण येते: ते मुळात एकूण मेमरीच्या निम्मीच मेमरी घेते. म्हणजे ८ पैकी ४ जीबी. मग बिल्ड मध्येच ‘किल्ड’ एवढा एकच शब्द छापून थांबते आणि नवशिक्याला वाटते की कोडमध्येच काही बिघडले. कोड ठीक असतो. मेमरी संपल्यामुळे सिस्टीमने ती प्रक्रिया बंद केलेली असते. उपाय दोन. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी आणि स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवणे, आणि एका वेळी चालणाऱ्या कंपाइल जॉब्सची संख्या दोनवर आणणे. सीकॅश (आधी कंपाइल झालेले तुकडे साठवून ठेवणारे साधन) बसवून ठेवले तर दुसऱ्या बिल्डपासून वेळ बराच वाचतो. पहिला बिल्ड रात्री लावून झोपलेले उत्तम.

संस्थेची निवड हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो बहुतेक जण चुकीच्या निकषावर घेतात. नाव मोठे म्हणून, किंवा गेल्या वर्षी तिथे जागा जास्त होत्या म्हणून. संस्थांची यादी फेब्रुवारीच्या अखेरीस जाहीर होते, पण मागच्या वर्षांच्या याद्या उघड असतात आणि अनेक संस्था दरवर्षी परत येतात. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपली की शोध सुरू करता येतो. शिकायचेच असेल तर मेंटॉरचा दर्जा तपासावा, आणि तो तपासता येतो, कारण सगळे व्यवहार सार्वजनिक असतात. संस्थेच्या रेपॉझिटरीत (कोडच्या सार्वजनिक भांडारात) मर्ज झालेल्या, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामावून घेतलेल्या, शेवटच्या ३० पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, थोडक्यात पीआर) उघडा. त्यांतल्या नवख्या लोकांच्या वेगळ्या काढा. पहिले उत्तर किती दिवसांत आले? रिव्ह्यूमध्ये नुसते ‘छान’ लिहिलेले आहे, की ‘ही तपासणी इथे नको, कारण हे फंक्शन अमुक ठिकाणाहूनही बोलावले जाते’ अशा तऱ्हेची कारणे आहेत? एखाद्याचा पीआर नाकारला तर त्याला का ते सांगितले गेले का? तीन-चार दिवसांत कारणांसह उत्तर देणारा मध्यम आकाराचा प्रकल्प हा तीन आठवडे गप्प राहणाऱ्या नामांकित प्रकल्पापेक्षा शिकणाऱ्यासाठी कधीही सरस.

काही संस्था अर्जाआधी कामाची अट घालतात, आणि माझ्या मते हेच त्यांच्या गांभीर्याचे उत्तम लक्षण आहे. गणिताची पायथॉन लायब्ररी सिमपाय ही किमान एक पॅच (कोडमधली दुरुस्ती) मर्ज झालेला असावा असा आग्रह धरत आली आहे. लिब्रेऑफिसमध्ये ‘इझी हॅक’ म्हणून वेगळी काढून ठेवलेली कामे असतात. त्यांपैकी काही पूर्ण करून दाखवावी लागतात. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारा एफएफएमपेग हा प्रकल्प पात्रतेसाठी एक छोटे काम देतो. झुलिप हा चॅटचा प्रकल्प तर नवख्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांसाठीच ओळखला जातो. प्रत्येक कमिटमध्ये एकच सुसंगत बदल असावा, पाठवण्याआधी स्वतःचा पीआर स्वतः रिव्ह्यू करावा, हे सारे तिथे सविस्तर लिहिलेले आहे. तिथे अर्ज करायचा नसला तरी त्या मार्गदर्शिका वाचाव्यात. पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि नमफोकस या छत्रीसंस्था आहेत. त्यांच्या पोटात अनेक प्रकल्प असतात, त्यामुळे यादीत नाव एकच दिसले तरी आत शोधावे लागते.

संस्था ठरली की संपर्क. इथे आपल्या मुलांची एक ठरावीक चूक होते. चॅटवर येऊन ‘रिस्पेक्टेड सर, मला तुमच्या संस्थेत योगदान द्यायचे आहे, कृपया मार्गदर्शन करा’ असा संदेश टाकतात आणि वाट पाहत बसतात. असे संदेश फेब्रुवारीत ढिगाने येतात आणि त्यांना उत्तर देण्यासारखे त्यांत काही नसते. ‘सर’ लिहायची गरज नाही, नावाने बोलावलेले चालते. त्याऐवजी असे विचारा: बिल्ड अमुक पायरीवर अडकतो, एरर ही, मी हे दोन उपाय करून पाहिले, कागदपत्रांतला अमुक परिच्छेद वाचला. याला उत्तर येते, आणि बहुतेकदा लवकर येते. प्रश्न खासगीत न विचारता सगळ्यांच्या चॅनेलवर विचारावा. तिथे मेंटॉरशिवाय इतरही जाणकार असतात.

पहिल्या कामासाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ असे लेबल असलेल्या, म्हणजे नवख्यांना झेपतील अशा नोंदवलेल्या कामांच्या (इश्यूंच्या) यादीवर सगळे तुटून पडतात. ‘मला असाइन करा’ अशा पाच-सहा कॉमेंट एकेका इश्यूखाली दिसतात आणि काम कोणीच केलेले नसते. त्यापेक्षा स्वतः सॉफ्टवेअर वापरून पाहावे, आणि मराठी वाचकांच्या हातात इथे एक चांगले हत्यार आहे: देवनागरी मजकूर टाकून बघा. जोडाक्षरावर बॅकस्पेस दाबल्यावर काय होते, शोध घेताना नुक्ता असलेले अक्षर सापडते का, देवनागरी अंक टाकल्यावर फॉर्म ते स्वीकारतो का, पीडीएफमध्ये वेलांट्या जागेवर येतात का. असे दोष युरोप-अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरच्या नजरेला सहसा पडत नाहीत, आणि त्यांची पक्की नोंद देणाऱ्याचे स्वागत होते.

दोष सापडल्यावर कोड लिहायची घाई करू नये. पहिली पायरी, तो मुख्य ब्रांचच्या ताज्या कोडवर पुन्हा घडवून दाखवणे. तुमच्याकडची जुनी आवृत्ती असेल तर तो आधीच दुरुस्त झालेला असू शकतो. दुसरी, तो दोष पकडणारी टेस्ट आधी लिहिणे, जी आत्ता फेल होईल. तिसरी, ज्या ओळीवर संशय आहे तिच्यावर गिट ब्लेम चालवून ती कोणत्या कमिटमध्ये आणि कशासाठी आली ते वाचणे. ही तिसरी पायरी नवखे लोक हमखास गाळतात. विचित्र दिसणारी ओळ बहुतेकदा आणखी एखादा दोष टाळण्यासाठी तिथे ठेवलेली असते. ती काढली की तुमची टेस्ट पास होते आणि दुसऱ्याची मोडते. पूर्वी चालत होते आणि आता बिघडले असे असेल तर गिट बायसेक्ट वापरावे. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडते. हे तंत्र सहसा वर्गात शिकवले जात नाही, आणि कामावर मात्र ते पुन्हा पुन्हा लागते.

मग दुरुस्ती. बदल लहान ठेवावा. दोनशे ओळींच्या आतला पीआर मेंटॉर एका बैठकीत वाचू शकतो. चाळीस फाइल्सना हात लावणारा पीआर तो ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतो आणि ते नंतर येत नाही. एडिटरने सेव्ह करताना आख्खी फाइल परत फॉरमॅट केली आणि तीन ओळींच्या बदलाचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) आठशे ओळींचा झाला, ही नेहमीची दुर्घटना. पाठवण्याआधी स्वतःचा डिफ एकदा वरपासून खालपर्यंत वाचला की ती टळते. काम नेहमी वेगळ्या ब्रांचवर करावे. स्वतःच्या फोर्कच्या (प्रकल्पाच्या आपल्या प्रतीच्या) मेनवरूनच, म्हणजे मुख्य ब्रांचवरूनच, पीआर पाठवला की दुसरे काम सुरू करताना दोन्ही बदल एकमेकांत मिसळतात. दरम्यान मुख्य कोड पुढे गेला असेल तर मेन पुन्हा पुन्हा मर्ज करत बसण्यापेक्षा रिबेस करावा आणि पुश करताना ‘फोर्स विथ लीज’ हा पर्याय वापरावा. दुसऱ्या कोणी त्या ब्रांचवर काही टाकले असेल तर तो तुम्हाला थांबवतो. अर्थात काही प्रकल्पांची पद्धत उलट असते, त्यामुळे योगदानाचे नियम आधी वाचलेले बरे. गिटहबवर पहिल्यांदाच पीआर पाठवत असाल तर आपोआप चालणाऱ्या तपासण्या सुरू व्हायला प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याची मंजुरी लागू शकते. काहीच हलत नाही असे वाटते, पण त्यात तुमचे काही चुकलेले नसते.

यानंतर येणारा रिव्ह्यू हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा. पहिल्या पीआरवर दहा-पंधरा कॉमेंट येणे नेहमीचेच आहे. फंक्शनचे नाव बदला, ही अट आधी तपासा, टेस्टमध्ये रिकाम्या यादीचे उदाहरण नाही, कमिट मेसेजमध्ये ‘काय’ आहे पण ‘का’ नाही. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्यावे: केले असेल तर ‘केले’, पटत नसेल तर कारणासह तसे लिहावे. आपल्याकडे वरिष्ठांना असहमती सांगायला लोक बिचकतात. इथे ती अपेक्षितच असते, फक्त तिच्यामागे कोडमधला पुरावा हवा. तीच कॉमेंट दुसऱ्या पीआरवर पुन्हा येऊ नये याची काळजी घेतली तर मेंटॉरच्या ते लगेच लक्षात येते. एआय साधनांबद्दल एकच सांगतो. त्यांनी लिहिलेला कोड तुम्हाला समजला नसेल तर तो पाठवू नका. ‘ही ओळ का लिहिली?’ या पहिल्याच प्रश्नावर ते उघडे पडते, आणि गमावलेला विश्वास त्या वर्षी परत मिळत नाही. कित्येक संस्थांनी याबाबत लेखी नियम केलेले आहेत; ते वाचावेत.

प्रस्तावावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात, म्हणून थोडक्यात. अडचण काय, कोडमध्ये ती नेमकी कुठे आहे, कसे सोडवणार, आठवडेवार काय होईल. प्रत्येक टप्प्यात टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन धरलेले असावे. ते शेवटच्या आठवड्यावर ढकललेले दिसले की अनुभवी मेंटॉरला योजना कच्ची आहे हे कळते. १७५ तास १२ आठवड्यांत म्हणजे आठवड्याला जवळपास १५ तास, ३५० म्हणजे २९. पुणे-मुंबईच्या विद्यापीठांच्या सत्र परीक्षा बरेचदा मे-जूनमध्ये येतात, नेमके कोडिंग सुरू होते तेव्हा. ते लपवू नका. परीक्षेचे आठवडे प्रस्तावात लिहा, मुदत वाढवून घेण्याची सोय कार्यक्रमातच आहे. मसुदा मेंटॉरला अंतिम तारखेच्या किमान दहा दिवस आधी दाखवावा. अंतिम वेळ १८:०० यूटीसी असते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. पीडीएफ दोन दिवस आधी चढवून ठेवावी, नंतर बदलता येते.

निवड झाल्यावरचा अनुभव पूर्णपणे मेंटॉरवर अवलंबून असतो, आणि कार्यक्रमाची सर्वांत मोठी उणीवही हीच आहे. मेंटॉर स्वयंसेवक असतात. गूगल त्यांना पगार देत नाही. संस्थेला दर सहभागीमागे ५०० डॉलर मिळतात, एवढेच. काही मेंटॉर आठवड्याला दोनदा कॉलवर बसतात, काहींचा सगळा संवाद पीआरवरच होतो. मेंटॉर युरोपात असेल तर उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक पडतो, संध्याकाळचा कॉल सहज जमतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ तासांचा फरक, पश्चिम किनाऱ्याशी साडेबारा. तिथे एका प्रश्नाचे उत्तर यायला एक दिवस जातो, म्हणून दोन कामे समांतर चालू ठेवावी लागतात. एक अडले की दुसऱ्यावर जाता येते. प्रकल्पाला दोन मेंटॉर आहेत का, हे अर्जाआधीच विचारून घ्यावे. एक जण नोकरीत अडकला किंवा आजारी पडला तरी काम थांबत नाही.

अपयशाचे सर्वांत सामान्य कारण कौशल्याची कमतरता हे नसते. माणूस अडकतो, लाजतो, आठवडाभर गप्प राहतो, मग दोन आठवडे, आणि मध्यावधी मूल्यमापन येते तेव्हा मेंटॉरकडे दाखवायला काही नसते. दर सोमवारी पाच ओळी लिहायच्या: काय झाले, काय अडले, पुढे काय, कुठे मदत हवी. अर्धवट काम ड्राफ्ट पीआर म्हणून उघडे ठेवायचे. महिनाभर स्वतःच्या मशीनवर साठवून शेवटी एकदम टाकलेला कोड सहसा मर्ज होत नाही, कारण तो वाचायला कोणाकडे वेळच उरलेला नसतो. अंतिम मूल्यमापनात कामाचा सार्वजनिक दुवा द्यावा लागतो. त्यात काय मर्ज झाले, काय राहिले हे प्रामाणिकपणे मांडलेले असावे. पुढे मुलाखतीतही हाच दुवा उपयोगी पडतो.

पैसे पेओनियरमार्फत येतात. खाते उघडायला पॅन लागते, आणि पॅन, बँक खाते व अर्ज यांवरचे नाव एकसारखे नसेल तर पडताळणी अडकते. ते मेमध्येच तपासून घ्यावे. ही रक्कम उत्पन्नात धरली जाते, विवरणपत्रात दाखवावी. आणि जीसॉकला कुठेही फी नाही. पैसे घेऊन निवडीची हमी देणारा कोणीही असो, त्याच्यापासून दूर राहावे.

नोकरी लागते का? कार्यक्रम नोकरीची कोणतीही हमी देत नाही, गूगलमधल्या तर नाहीच. मुलाखतीसाठी लागणारी अल्गोरिदमची तयारी वेगळी करावी लागते. पण मर्ज झालेले पंधरा-वीस पीआर आणि त्यांखालच्या चर्चा कोणीही उघडून वाचू शकतो, आणि कोड वाचणारा मुलाखतकार त्या खरोखर वाचतो.

वर्षातून एकदाच येणारी ही संधी हुकली तर पर्याय आहेत. तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांना पक्षपात सहन करावा लागतो किंवा ज्यांचे प्रमाण कमी आहे, त्यांच्यासाठीचा आउटरीची वर्षातून दोनदा होतो. त्याचे मानधन जगभर सारखेच, ७,००० डॉलर, आणि तिथे प्रस्तावापेक्षा महिनाभराच्या योगदानाला वजन असते. तीन महिने जवळपास पूर्ण वेळ द्यावा लागतो, म्हणून कॉलेजच्या सत्राशी तो जुळवणे अवघड जाते. लिनक्स फाउंडेशनचा एलएफएक्स मेंटॉरशिप वर्षातून तीनदा होतो. कुबरनेटिससारख्या क्लाउडच्या प्रकल्पांत काम करायचे असेल तर तो जास्त नेमका. आणि पवईला आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प उन्हाळी फेलोशिप देतो. तिथे गुणपत्रिकेपेक्षा आधी दिलेले स्क्रीनिंगचे काम पाहून निवड होते, आणि स्टीलच्या बांधकामाची रचना करणारे ओस्डॅग किंवा सर्किटसाठीचे ईसिम अशा सॉफ्टवेअरवर काम करता येते. सिव्हिल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या ज्या विद्यार्थ्यांना आपला विषय न सोडता प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, त्यांनी जीसॉकच्या आधी इथेच अर्ज करावा.